साडेचार गिरक्यांची उडी

वर्गातील पंखा पूर्ण वेगात सोडा. एका मिनिटात तो सुमारे ३५० ते ४०० फेरे घेतो. बर्फावरून उडी घेणारा खेळाडू हवेत क्षणभर जवळजवळ याच वेगाने स्वतःभोवती फिरतो, हे खरे वाटते का? जपानच्या युझुरु हान्यूची हकिकत वाचा. मग हिशेब मिळून करू.

हान्यूचा जन्म १९९४ साली सेंदाई शहरात झाला. लहानपणापासून त्याला दमा होता. मोठ्या बहिणीच्या मागोमाग चौथ्या वर्षी तो बर्फावर उतरला आणि २०१० मध्ये कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला. ११ मार्च २०११ रोजी तो सराव करीत असतानाच प्रचंड भूकंप झाला. पायांतील स्केट काढण्याइतकीही सवड नव्हती; तो तसाच बाहेर धावला. सरावाचे रिंगण बंद पडले. मग ठिकठिकाणच्या स्केटिंगच्या कार्यक्रमांत भाग घेऊन त्याने सराव चालू ठेवला. पुढे २०१४ आणि २०१८ अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिक स्पर्धांत त्याने सुवर्णपदक मिळविले. पुरुषांच्या एकेरीत हे ६६ वर्षांत कोणाला साधले नव्हते.

पण त्याला ध्यास होता तो साडेचार गिरक्यांच्या ‘अ‍ॅक्सेल’ उडीचा. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉलसेनने १८८२ साली ही उडी प्रथम घेतली, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. इतर उड्या पाठमोऱ्या घेतात. अ‍ॅक्सेल मात्र समोर तोंड करून घ्यायची आणि उतरायचे पाठमोरेच. म्हणून अर्धी गिरकी जास्त.

आता हिशेब. समजा, खेळाडू ६० सेंटिमीटर उंच उडाला. गुरुत्वाकर्षणामुळे त्याला वर जायला सुमारे ०.३५ सेकंद आणि खाली यायला तितकाच वेळ लागतो, एकूण ०.७ सेकंद. एवढ्यात साडेचार गिरक्या म्हणजे मिनिटाला सुमारे ३८५! (बर्फ सोडण्यापूर्वीच शरीर थोडे वळलेले असते, तेवढी सूट मिळते.) मग आणखी उंच का उडू नये? कारण हवेतील वेळ दुप्पट करायचा, तर उंची चौपट लागते.

म्हणून वेगच वाढवावा लागतो. तो कसा वाढतो, हे करून पाहा. फिरत्या खुर्चीवर बसा. दोन्ही हातांत जाड पुस्तके घेऊन हात पसरा आणि मित्राला खुर्ची हळू फिरवून सोडून द्यायला सांगा. आता हात छातीशी घ्या. खुर्ची आपोआप जोराने फिरू लागेल! बाहेरून कोणी फिरविले वा अडविले नाही, तर कोनीय संवेग कायम राहतो. त्यामुळे वस्तुमान अक्षाजवळ आले की फिरण्याचा वेग वाढतो. खेळाडू हवेत हात आवळतो, पाय जुळवितो, ते याचसाठी. उतरताना हात पसरून तो वेग कमी करतो.

१० फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंग ऑलिंपिकमध्ये, दुखावलेल्या घोट्यानिशी, हान्यूने ही उडी घेतली. गिरकी थोडी अपुरी राहिली आणि तो पडला. त्याचा चौथा क्रमांक आला. तरीही साडेचार गिरक्यांचा अ‍ॅक्सेल म्हणून त्या प्रयत्नाची नोंद झाली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील अशी ती पहिलीच नोंद. जुलैमध्ये तो स्पर्धांतून निवृत्त झाला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे १७ वर्षांच्या इलिया मालिनिनने हीच उडी यशस्वीपणे पार पाडली.

या वेगाने पाव गिरकी घ्यायला किती वेळ लागेल? गणित करून पाहा. उत्तर येईल, सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग. वर्षानुवर्षांचा सराव चालतो, तो एवढ्याशा वेळेसाठी!