व्हायवा घेणारा की देणारा? यूएसबीच्या डबल रोलची गोष्ट

प्रोजेक्टचे दिवस आले की एम्बेडेड लॅबमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, हा बोर्ड गेला रे!" बोर्डाच्या पोर्टला पेनड्राइव्ह लावला तर चालतो, पण तोच पोर्ट केबलने पीसीला जोडला की पीसी ढिम्म. मग केबल बदला, पीसी बदला, आणि शेवटी बोर्ड कपाटात, पार्टनर एकमेकांवर नाराज आणि सबमिशन डोक्यावर! पण बहुतेक वेळा बोर्ड ठणठणीत असतो. आपण कुठल्या भूमिकेत आहोत एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ही भूमिका लिनक्समध्ये कुठे कुठे ठरते, ते आपण बघू.

यूएसबीमध्ये दोन्ही बाजू सारख्या नसतात. एक होस्ट, दुसरा पेरिफेरल. (कोणी यजमान आणि पाहुणा म्हणेल, पण मी पडले कॉन्व्हेंटवाली, म्हणून हेच शब्द ठेवते.) दोघांचं नातं अगदी व्हायवासारखं. प्रश्न विचारायचा हक्क फक्त एक्स्टर्नलचा, म्हणजे होस्टचा. पेरिफेरलने विचारल्यावरच बोलायचं. शिवाय ५ व्होल्टचा चहा पाजायचा तोही होस्टनेच. आता दोन एक्स्टर्नल समोरासमोर बसवले तर दोघंही प्रश्न विचारत राहतील आणि उत्तर कोणीच देणार नाही. दोन विद्यार्थी बसवले तर दोघंही गप्प!

१९९६ मध्ये यूएसबी आलं तेव्हा हे सोपं होतं. पीसी कायम होस्ट. माऊस, प्रिंटर कायम पेरिफेरल. पण पुढे कॅमेरे आणि फोन आले. पीसीला जोडल्यावर ते पेरिफेरल, आणि त्यांनाच पेनड्राइव्ह जोडला तर होस्ट! म्हणून २००१ मध्ये 'ऑन-द-गो' म्हणजे ओटीजी हे जोडपत्र आलं, आणि दोन्ही कामं करणारे ड्युअल-रोल कंट्रोलर रुळले. आपल्या बोर्डांवर जास्त करून सिनॉप्सिस कंपनीच्या डिझाइनचे असतात. त्यांचे लिनक्स ड्रायव्हर म्हणजे यूएसबी २ साठी डीडब्ल्यूसी२ आणि यूएसबी ३ साठी डीडब्ल्यूसी३.

आता मुख्य मुद्दा. 'ड्युअल रोल' हे एक बटण नाही. चार जणांचं एकमत झालं तरच ते चालतं, आणि एक जण जरी अडला तरी गाडी अडते.

पहिला, तार. मायक्रो यूएसबीत पाच पिन असतात. त्यातली चौथी आयडी पिन. ओटीजी केबलमध्ये ती ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे "तू होस्ट हो". साध्या केबलमध्ये ती मोकळी असते, म्हणजे "तू पेरिफेरल". टाइप-सीमध्ये आयडी पिन नाही. तिथे सीसी नावाच्या पिनांवरच्या रेझिस्टरवरून भूमिका कळते. ५.१ किलोओमचा पुल-डाउन दिसला की तो वीज घेणारा, आणि सुरुवातीला तोच पेरिफेरल. हे ओळखायला बहुतेक बोर्डांवर वेगळी चिप असते आणि तिचा ड्रायव्हरही कर्नलमध्ये लागतो. आणि तारच नसेल तर कुठलंही ऑप्शन उपयोगाचं नाही. रास्पबेरी पाय ३ मॉडेल बी घ्या. तिथे प्रोसेसरचा एकुलता एक यूएसबी थेट हबला जोडलेला आहे. कितीही कर्नल कंपाइल करा, तो पेरिफेरल होणार नाही!

दुसरा, कर्नलचं कॉन्फिगरेशन, आणि खरी गंमत इथेच आहे. मेनूकॉन्फिगमध्ये डिव्हाइस ड्रायव्हर्स, मग यूएसबी सपोर्ट, मग डीडब्ल्यूसी३ उघडलं की तीन पर्याय हवेत: होस्ट ओन्ली, गॅजेट ओन्ली आणि ड्युअल रोल. (कर्नलच्या भाषेत पेरिफेरल बाजूला 'गॅजेट' म्हणतात.) पण कधी कधी ड्युअल रोल यादीत दिसतच नाही! कारण आहे वाय आणि एम यांच्यात. वाय म्हणजे कोड कर्नलमध्येच शिवलेला, एम म्हणजे नंतर लोड होणारं मॉड्यूल. समजा डीडब्ल्यूसी३ ला वाय आहे, यूएसबी होस्टलाही वाय आहे, पण कोणीतरी जागा वाचवायला यूएसबी गॅजेट सपोर्टला एम केलं. आता कर्नलमध्ये शिवलेला ड्रायव्हर गॅजेटची फंक्शन्स बोलावणार, पण ती अजून बाहेर फाइलमध्ये पडलेली. लिंकिंगच होणार नाही. म्हणून मेनू ड्युअल रोल आणि गॅजेट ओन्ली दोन्ही लपवतो आणि गुपचूप होस्ट ओन्ली निवडतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. पेनड्राइव्ह चालतो, पीसी ढिम्म. हीच ती सुरुवातीची केस!

उपाय सोपा आहे. यूएसबी होस्ट आणि गॅजेट दोन्ही वाय करा, किंवा डीडब्ल्यूसी३ सुद्धा एम करा. मेनूत तिरकी रेघ दाबून ऑप्शन शोधलं तर ते कशावर अवलंबून आहे ते समोर येतं. ती सवय लावून घ्या, रात्री वाचतील.

तिसरा, डिव्हाइस ट्री. बोर्डावर काय काय आहे याची ही जन्मपत्रिका. यात कंट्रोलरच्या खाली डीआर_मोड असतो: होस्ट, पेरिफेरल किंवा ओटीजी. कर्नल ड्युअल रोल केला पण इथे 'होस्ट' लिहिलेलं राहिलं, तर पोर्ट होस्टच राहणार. उलट इथे ओटीजी आणि कर्नल होस्ट ओन्ली असेल तर ड्रायव्हर जबरदस्तीने होस्ट होतो. पण तेव्हा तो कॉन्फिगरेशन जुळत नसल्याचं डीमेसेजमध्ये लिहून ठेवतो. फक्त ते वाचायला हवं! लक्षात ठेवा, डिव्हाइस ट्रीची फाइल वेगळी असते. नुसता नवा कर्नल कॉपी करून ती बदलत नाही.

चौथा, गॅजेट. वरचे तिघं खूश झाले तरी पीसी गप्पच राहू शकतो. कारण पेरिफेरल झालो, पण कोण झालो? पेनड्राइव्ह, सीरियल पोर्ट की नेटवर्क कार्ड? जी_मास_स्टोरेज, जी_सीरियल, जी_ईथर यापैकी एक मॉड्यूल लोड करा किंवा कॉन्फिगएफएसने स्वतः बनवा. तोपर्यंत कंट्रोलर डेटा लाइनवरचा पुल-अप चालू करत नाही, म्हणजे पीसीच्या दृष्टीने केबलच्या टोकाला कोणी नाहीच. /सिस/क्लास/यूडीसी या फोल्डरमध्ये कंट्रोलरचं नाव दिसलं की समजा पेरिफेरल बाजू जिवंत आहे. फोल्डर रिकामं असेल तर दोष वरच्या तिघांत.

हे सगळं बघायचं तर रास्पबेरी पाय झीरो सगळ्यात स्वस्त आणि मस्त. रास्पबेरी पाय ओएसच्या कर्नलमध्ये ऑप्शन आधीच घातलेली असतात. कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये डीटीओव्हरले=डीडब्ल्यूसी२ ही ओळ घाला, आणि सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीमध्ये रूटवेटनंतर त्याच ओळीत मॉड्यूल्स-लोड=डीडब्ल्यूसी२,जी_ईथर. (टाइप करताना अर्थात इंग्रजीत, हं!) मग 'यूएसबी' लिहिलेल्या पोर्टमधून लॅपटॉपला जोडा. शेजारच्या 'पॉवर इन' पोर्टमध्ये नुसती वीज असते, डेटा नाही. एकाच केबलमधून वीजही मिळते आणि नेटवर्कही. होस्टेलच्या रूमवर मॉनिटर कुठून आणणार? इथे लागतच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पीसीने बोर्ड ओळखला नाही तर क्रमाने विचारा: तार आहे का, मेनूत ड्युअल रोल आहे का, डिव्हाइस ट्री काय म्हणते, गॅजेट लोड झालंय का? पाच मिनिटांचं काम आहे. लॅबच्या कपाटात 'डेड' अशी चिठ्ठी लावून ठेवलेले बोर्ड असतील तर सरांना विचारून तेही एकदा तपासा. ज्युनियर्सच्या प्रोजेक्टला एखादा बोर्ड जास्त मिळाला तर दुवाच देतील!