नवजातांचा जंतुदोष आणि शरीराचा कोप

चारपाच दिवसांचे अर्भक अचानक दूध ओढीनासे होते, हातपाय गार पडतात, श्वास जलद होतो, आणि रक्तात जंतू शिरल्याचे निदान होते. प्रतिजैविके तत्काळ सुरू होतात, जंतू मरतातही. तरी काही मुले दगावतात. असे का व्हावे?

मृत्यूला केवळ जंतूच कारण नसतात. त्यांच्याशी झुंजण्यासाठी शरीर जी दाहक द्रव्ये निर्माण करते, ती मर्यादेबाहेर गेली की रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो, सूक्ष्म केशवाहिन्यांत गुठळ्या जमतात. शिवाय काही जातींचे जंतू मरताना त्यांच्या आवरणातील विष रक्तात मिसळते. म्हणजे औषधाच्या विजयानेही दाह क्षणभर भडकू शकतो.

हा कोप शमविण्यासाठी संशोधक पेंटॉक्सिफायलिनकडे वळले. पायांच्या रक्ताभिसरणासाठी वापरले जाणारे हे जुने औषध दाह भडकविणाऱ्या एका प्रमुख प्रथिनाची निर्मिती कमी करते. पोलंडमध्ये १९९० च्या दशकात अकाली जन्मलेल्या अर्भकांवर त्याचे प्रयोग झाले व आशा वाढली. मात्र मुले संख्येने थोडी होती. थोडक्यांवर बांधलेल्या आशेचे काय होते, हे या क्षेत्राने पाहिले आहे. प्रतिपिंडे शिरेतून देण्याचा उपायही असाच गुणकारी वाटला होता. नऊ देशांतील ३,४९३ अर्भकांवर त्याची कसोटी लागली, आणि २०११ साली निष्कर्ष आला तो असा की, मृत्यू वा गंभीर अपंगत्वाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ३९ टक्के!

मग हा नाद सोडावा काय? निदान आपल्याला तरी ते परवडणार नाही. दिल्लीच्या तीन रुग्णालयांतील १३,५३० नवजातांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तेथे सर्वाधिक आढळलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी सुमारे चार-पंचमांश अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. भाता असा रिता होत असताना शरीराची प्रतिक्रिया आवरण्याचा मार्ग तपासणे अगत्याचे ठरते. स्वच्छता व वेळीच निदान यांची जागा तो घेणार नाही, हे उघड आहे; डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकरवी घरोघरी उपचार करून नवजातांचा मृत्युदर किती खाली आणता येतो, हे १९९९ सालीच दाखविले आहे.

परंतु जुन्या, स्वस्त औषधाच्या चाचणीत कंपन्यांना फारसा रस नसतो. हा खर्च सरकारनेच उचलावा, आणि चाचणी आपल्याच रुग्णालयांत, आपल्याच जंतूंसमोर व्हावी. तोवर कोणी उत्साहाच्या भरात ते सर्रास टोचू नये. आणि चाचणीत मूल वाचले की नाही एवढेच न पाहता, दोन वर्षांनी ते चालते-बोलते काय, याचीही नोंद व्हावी.