चिमूरचा गुन्हा, दिल्लीची परवानगी

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की तिवशाच्या अलीकडे मोझरी येते. तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम इथे 1935 पासून आहे. 28 ऑगस्ट 1942 रोजी महाराजांना चंद्रपुरात अटक झाली, नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं, 2 डिसेंबरला सुटका झाली. ‘चले जाव’च्या प्रत्येक भाषणात हा प्रसंग येतो. महाराजांच्या भजनांनी पेटून उठलेल्या चिमूरचं नावही येतं. 16 ऑगस्टनंतर चिमुरात काय घडलं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात लष्करी राजवट होती असं म्हणता येणार नाही. नोव्हेंबर 1939 मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि 1935 च्या भारत सरकार कायद्याच्या कलम 93 खाली सगळा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. ना विधिमंडळ, ना प्रश्नोत्तरं. मुलकी अधिकारी खुर्चीवर होते, पण त्यांना जाब विचारणारं कुणी उरलं नव्हतं. अशा वेळी गावात फौज उतरली की तिच्या आणि लोकांच्या मध्ये उभं राहायला कोणी नसतं. 15 ऑगस्ट 1942 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सशस्त्र दलांच्या विशेष अधिकारांचा वटहुकूम काढला. कॅप्टन किंवा त्यावरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला, जीव घेण्याइतपत बळ वापरण्याचा हुकूम देता येईल. आणि त्याबद्दल केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला भरता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी नागपंचमी होती.

त्या दिवशी वर्धा नदीपलीकडच्या आष्टीत आणि चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या चिमुरात मोर्चे निघाले. दोन्हीकडे पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं पडली. चिमुरात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गेला. मग जमावानेही पोलीस आणि अधिकारी मारले. चिमुरात त्यांत उपविभागीय अधिकारी आणि नायब तहसीलदार होते, आष्टीत ठाण्यातले पोलीस. या हत्या लपवायचं काही कारण नाही, कारण पुढचं सगळं त्यांच्याशेजारी ठेवूनच पाहायचं आहे.

तीन दिवसांनी फौज चिमुरात शिरली. पुरुषांची धरपकड झाली, अनेक घरांत बायकामुलंच उरली. सैनिक घरांत घुसले, लुटालूट झाली, बलात्कार झाले. हे सांगितलं ते चिमूरच्या बायकांनी स्वतः, नागपुराहून गेलेल्या महिला कार्यकर्त्यांसमोर आणि हिंदुमहासभेचे नेते डॉ. मुंजे यांच्यासमोर. 1942 साली, गावात, नाव सांगून असं बोलायला काय छाती लागली असेल! सरकारने चौकशीला नकार दिला.

तेव्हा गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी दिल्लीला गेले ते लोकनायक बापूजी अण्यांच्या दारी. अणे यवतमाळचे, वऱ्हाडचे, आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात. भन्साळींचं मागणं साधं होतं: तुम्ही चिमूरला या, बायकांशी बोला. अणे गेले नाहीत. भन्साळींना दिल्लीतून उचलून परत पाठवण्यात आलं आणि 11 नोव्हेंबरला सेवाग्रामी उपोषण सुरू झालं. त्याची बातमी छापायला सरकारने बंदी घातली. निषेध म्हणून 6 जानेवारी 1943 ला देशभरच्या वर्तमानपत्रांनी अंकच काढला नाही. अखेर मध्यप्रांताचे माजी मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे मध्ये पडले आणि 63 व्या दिवशी, 12 जानेवारीला, उपोषण सुटलं. सरकारने बातमीबंदी उठवली, चिमूरच्या स्त्रियांच्या अब्रूचा अनादर करण्याचा हेतू नव्हता असं जाहीर केलं. चौकशी मात्र झालीच नाही. माझ्या मते भन्साळींनी जेवढं मिळण्यासारखं होतं तेवढं मिळवलं. बायकांचं म्हणणं देशापुढे तरी आलं. पण सरकारनेही जे देऊन काही बिघडत नाही तेवढंच दिलं.

आता दुसरी बाजू पाहा. अधिकाऱ्यांच्या हत्यांचे खटले उभे राहिले, साक्षी झाल्या, फाशीच्या शिक्षा झाल्या, प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे आणि इतरांनी जिवाचं रान केलं तेव्हा 1945 मध्ये चिमूरच्या फाशा टळून जन्मठेपा झाल्या. म्हणजे न्यायालयं होती, वकील होते, कायदा चालत होता. तो एकाच दिशेने चालत होता, एवढंच. गणवेशातल्या माणसाविरुद्ध जायचं तर आधी त्याच्याच सरकारची परवानगी आणायची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच.

खरी लष्करी राजवट हीच युक्ती राज्यघटनेत लिहून ठेवते. म्यानमारच्या 2008 च्या घटनेत लष्कराला संसदेतल्या एक चतुर्थांश जागा आहेत, आणि आधीच्या लष्करी मंडळांनी कर्तव्य म्हणून केलेल्या कृत्यांवर खटला भरायला कलम 445 ची बंदी. आपल्याकडे निवडणुका होतात, न्यायालयं बोलतात, सरकारं बदलतात, आणि हा फरक फार मोठा आहे. पण लिनलिथगोच्या वटहुकुमाचा साचा आपण 1958 च्या अफस्पात, म्हणजे सशस्त्र दल (विशेष अधिकार) कायद्यात, उचलला. इंग्रजांनी गोळीचा अधिकार कॅप्टनपर्यंत ठेवला होता. आपण तो नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. परवानगीची अट कलम 6 मध्ये तशीच राहिली. अशांत भागात जवान जीव मुठीत धरून काम करतो, त्याला खोट्या तक्रारींपासून संरक्षण हवं, हे पटण्यासारखं आहे. मात्र बलात्कार हे कोणत्या मोहिमेतलं कर्तव्य?

निर्भया प्रकरणानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये नेमकं हेच लिहिलं: लैंगिक गुन्ह्यांत जवानांना साधा फौजदारी कायदा लावा, परवानगीची अट नको. त्या वर्षी इतर सरकारी नोकरांसाठी ही अट निघाली, अफस्पात मात्र दुरुस्ती झाली नाही.

ही अट नुसती कागदावर नाही. डिसेंबर 2021 मध्ये नागालँडच्या ओटिंगला खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर लष्कराच्या पथकाने गोळ्या झाडल्या. राज्याच्या पोलिसांनी तपास करून 30 जवानांवर आरोपपत्र ठेवलं. 2023 मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला बंद केला आणि नमूद केलं की, पुढे कधी परवानगी मिळाली तर तो चालवता येईल.