शिरोलीच्या ठाण्याविरुद्ध तक्रार कुठे?

शिरोली एमआयडीसी पोलीस ठाणे कोल्हापूर जिल्हा पोलीस दलात येते. त्यामुळे पहिली पायरी पोलीस अधीक्षक.

पोलीस तक्रार प्राधिकरण : पोलीस दलाबाहेरची यंत्रणा. मूळ, सर्वोच्च न्यायालयाचा प्रकाश सिंह खटल्यातील निकाल (22 सप्टेंबर 2006). महाराष्ट्रात त्यासाठीची कायदादुरुस्ती 2014 मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी! कोल्हापूरसाठी विभागीय प्राधिकरण पुण्यात. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी इत्यादी त्याचे विषय. साधी उद्धट वागणूक त्यात नाही.

अटक (तक्रारीआधी माहीत हवा असा नियम) : 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक, प्रवासाचा वेळ वगळून.

सीसीटीव्ही (तक्रारीला पुरावा) : प्रत्येक ठाण्यात हवा, कोठडीतही (सर्वोच्च न्यायालय, 2 डिसेंबर 2020).