कणसांचे फेस्त : उगम आणि आशय

ख्रिस्तेतर उगमाचे सण ख्रिस्ती माणसाने पाळावेत काय, हा प्रश्न गोव्यात केवळ तात्त्विक राहिला नाही. इंग्लंडमधील मूर्तिपूजकांची देवळे न पाडता, मूर्ती काढून, ती ख्रिस्ती उपासनेस वापरावीत, असे पोप पहिल्या ग्रेगरीने इ. स. ६०१ मध्ये कळविले होते. गोव्याच्या इन्क्विझिशनने मात्र १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्त्यांना अंगणातील तुळसही निषिद्ध ठरविली. तरी राय, ताळगाव येथे ऑगस्टमध्ये नव्या भाताची कणसे चर्चमध्ये अर्पण होतात. नवान्नाशी असलेले साम्य उघड आहे. तुळस स्वतःच पूज्य होती. कणीस अर्पण करावयाचे असते, आणि अर्पण कोणास, हे बदलू शकते. सणाची परीक्षा म्हणूनच उगमावरून नव्हे, आशयावरून व्हावयास हवी.