बर्बरांच्या गावी

काही शब्द जन्मतानाच शिवी होऊन जन्मतात. ‘बर्बर’ हा त्यांतलाच एक. संस्कृतात बर्बर म्हणजे रानटी, परका. ग्रीकांचा ‘बार्बारोस’ही त्याच घरचा, ज्याची बोली आपल्याला कळत नाही तो नुसता बडबडतो, अशी त्यांची समजूत! मराठी शिकविण्यात वीस वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हा शब्द कोशात नेहमी भेटणारा. पण त्या नावाने जगाला ठाऊक असलेली माणसे उत्तर आफ्रिकेत आजही नांदत आहेत, शेती करीत आहेत, लेकीसुनांची लग्ने करीत आहेत. ती स्वतःला बर्बर म्हणवीत नाहीत. एकटा असला तर ‘अमाझिघ’, अनेक असले तर ‘इमाझिघेन’. त्याचा अर्थ ‘स्वतंत्र माणसे’ असा लावतात.

या स्वतंत्र माणसांच्या गावी जाण्याचा योग मागल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आला. आम्ही सहा जण होतो. दादरचे एक निवृत्त बँक अधिकारी व त्यांच्या पत्नी, ठाण्याचे एक डॉक्टर व त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी, आणि आम्ही उभयता. चकल्यांचा डबा बरोबर घेऊन आम्ही मोरोक्कोतल्या मराकेश शहरी उतरलो आणि तिथे एक ऐसपैस मोटार ठरविली. मोटार हाकणारा तरुण तोद्रा खोऱ्यातला. आपली मायबोली, अरबी, फ्रेंच आणि कामापुरती इंग्रजी अशा चार भाषा तो बोले. बँकवाल्यांनी पहिल्याच दिवशी त्याला विचारले, “म्हणजे आपण बर्बर?” तो हसून म्हणाला, “पाहुणे तसे म्हणतात. माझी आई कधी म्हणत नाही.”

मराकेशहून आग्नेयेला निघालेला रस्ता अ‍ॅटलास पर्वत चढू लागतो आणि नागमोडी वळणे घेत ‘तिझी-न-तिश्का’ या खिंडीला पोचतो. ‘तिझी’ म्हणजेच खिंड. उंची २,२६० मीटर; आपले कळसूबाई १,६४६ मीटरांचे! खिंडीच्या अलीकडे झाडी आणि शेते, पलीकडे उघडेबोडके तांबूस डोंगर. ढगांचे पाणी पर्वत आधीच अडवून घेतो. सह्याद्री ओलांडून माणदेशात उतरणाऱ्याला हा प्रकार नवा नाही, फक्त इथे माणदेशानंतर थेट सहाराच लागतो. याच पर्वतराजीत, इथून पश्चिमेला, ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री भूकंप झाला आणि जवळजवळ तीन हजार माणसे गेली. मातीची गावेच्या गावे खाली बसली.

वाटेत सरकारी पाट्यांवर अरबी आणि फ्रेंचबरोबर तिसरीच एक लिपी दिसू लागली. वर्तुळे, काटकोन, फुल्या. लहान मुलाने पाटीवर मांडलेल्या खेळासारखी. ही ‘तिफिनाघ’. २००३ साली मोरोक्कोने अमाझिघ भाषेसाठी ती अधिकृत केली, त्याच वर्षी शाळांतून ही भाषा शिकवू लागले, आणि २०११ च्या राज्यघटनेने अरबीच्या जोडीला तिला राजभाषेचा मान दिला. २०२४ च्या शिरगणतीप्रमाणे देशातली सुमारे पाव प्रजा ही भाषा बोलते. आमचा सारथी मात्र स्वतःची लिपी अडखळत वाचीत होता. तो शाळेत होता तेव्हा ती शिकवीतच नव्हते.

खिंड उतरल्यावर ऐत बेनहद्दू हे गाव लागते. ‘ऐत’ म्हणजे अमक्याची लेकरे, अमक्याचे कुळ. नदीकाठच्या टेकडीला बिलगून मातीची तटबंदी, मातीचे बुरूज, मातीचीच घरे. आपल्याकडच्या गढीची आठवण यावी. पण आपल्या गढीत एक पाटील राहायचा, इथे सारा गाव राहायचा. टेकडीच्या माथ्यावर सर्वांच्या धान्याचे सामाईक कोठार. १९८७ साली ‘युनेस्को’ने या गावाला जागतिक वारशाचा मान दिला. १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’पासून कित्येक चित्रपटांचे चित्रण इथे झाले. आता तटाच्या आत मोजकी कुटुंबे उरली आहेत. बाकीची नदीपलीकडे नव्या वस्तीत गेली. मातीच्या घराला दर पावसाळ्यानंतर लिंपावे लागते. लिंपणारे हात गेले की चार पावसांत बुरुजाचा ढिगारा होतो. शेजारच्या ओसाड वाड्यांनी हे आम्हांला न बोलता सांगितले.

दुसऱ्या दिवशी तिंघीर गाठले. इथे मोटार एका उंचवट्यावर थांबली आणि डॉक्टरांच्या मुलीच्या तोंडून “अगंबाई!” निघून गेले. दोन्ही बाजूंना भाजलेल्या विटेच्या रंगाचे डोंगर आणि मधोमध हिरव्या गालिच्यासारखी, मैलोगणती लांब खजुरीची राई. आपल्या मनात मरूद्यान म्हणजे वाळूत एक डबके, दोन खजुरी आणि तहानलेला उंट! खरे मरूद्यान तसे नसते. ती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या राबून केलेली वाडी असते. कोकणात नारळाच्या सावलीत पोफळी आणि तिला बिलगलेली मिरवेल, तशीच इथे तीन मजल्यांची शेती. वर खजुरी ऊन झेलतात, त्यांच्या छायेत डाळिंब, अंजीर, जैतून, बदाम. आणि तळाशी वाफ्यावाफ्यातून लसूणघास, सातू, भाजीपाला. वरचा मजला गेला तर खालचे दोन उन्हात करपतात.

सारथ्याचे घर याच राईच्या कडेला होते. त्याच्या आईने आमच्या बायकामंडळींना सरळ स्वयंपाकघरात नेले. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. पण परातीत रवा घेऊन, पाण्याचा हात लावून ती माउली कुसकुसाचे कण वळू लागली, तेव्हा आमच्या सौ. उद्गारल्या, “अहो, हे तर गव्हले!” आणि लगेच पदर खोचून बसल्या. बाहेर ओसरीवर आम्हां पुरुषांना पुदिन्याचा चहा मिळाला. उंचावरून धार धरून ओतलेला, आणि इतका गोड की डॉक्टरांनी वैद्यकीय दृष्टीने डोळे मिटून घेतले.

मग म्हातारे वडील आम्हांला शेत दाखवायला निघाले. बांधाबांधाने वाहणाऱ्या पाटाला ते ‘तार्गा’ म्हणत. पाणी वाफ्यात घेताना त्यांनी फावड्याने मातीचा बांध फोडला आणि पाळी संपताच तो पुन्हा घातला. दोन्ही वेळा शेजारी उभा होता. भांडणासाठी नव्हे, त्याची पाळी पुढची होती. मला आमच्या खानदेशातली पांझरेकाठची फड पद्धत आठवली. तिथेही पाटकरी असाच पाळीपाळीने पाणी सोडीत आला आहे. दक्षिण मोरोक्कोत काही ठिकाणी ही पाळी पूर्वी तांब्याच्या वाटग्याने मोजीत. तळाला बारीक भोक पाडलेले वाटगे पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक माप झाले. लग्नमंडपात मुहूर्तासाठी ठेवीत ते आपले घटिकापात्र दुसरे काय होते? आम्ही त्याच्यावर मंगलाष्टके म्हटली, यांनी पाणी वाटले.

तिंघीरहून पूर्वेला जोर्फच्या माळावर आलो, तेव्हा रस्त्याकडेला वारुळांच्या रांगाच रांगा दिसल्या. ही वारुळे नव्हेत. ‘खेत्तारा’ या भुयारी कालव्याच्या हवाविहिरींभोवती उपसून टाकलेली माती. दूरवर जिथे भूजल वर असते तिथे पहिली विहीर खणायची, आणि तिथून अगदी मंद उताराने भुयार खणीत गावापर्यंत यायचे. बैल नको, मोट नको, इंजिन नको; पाणी आपल्या पायांनी चालत येते आणि वाटेत उन्हाला थेंब देत नाही. औरंगाबादची मलिक अंबरची नहर याच जातीची. ज्या घराने खणण्याला आणि गाळ काढण्याला जेवढे हात दिले, तेवढा त्याचा वाटा. वाट्याच्या पाळीला इथे ‘नौबा’ म्हणतात. माझे कान टवकारले. आपली ‘नौबत’ याच अरबी शब्दाची मुलगी! ती नगारखान्यात गेली आणि तिची बहीण शेतावर राहिली.

एका खेत्तारेत पायऱ्यांनी उतरलो. आत गारवा होता. भुयार होते, कुदळीच्या खुणा होत्या. पाणी नव्हते. वर बसलेल्या वृद्ध राखणदाराला सारथ्यामार्फत विचारले, हे कधी आटले? तो म्हणाला, “एका दिवसात कुठे आटते? आधी माणसे आली नाहीत, मग गाळ आला, मग पंप आले.” पंप खोलवरचे पाणी खेचतात, भूजल खेत्तारेच्या तळाखाली जाते. त्यात १९७१ साली झीझ नदीवर धरण झाले. त्याने पूर आवरले, पण पुरावाटे जमिनीत मुरणारे पाणीही उणावले. ‘बायूद’ नावाच्या बुरशीच्या रोगाने लाखो खजुरी गेल्या. २०१८ पासून ओळीने सहा वर्षे अवर्षण पडले, आणि २०२४ च्या सप्टेंबरात याच प्रदेशावर असा पाऊस कोसळला की पूर आले. पंपवाल्यालाही मी दोष कसा देऊ? त्याचीही पोरे शिकायची आहेत. मात्र खेत्तारेतून कुणालाच वाट्याहून अधिक घेता येत नव्हते; पंपाला हे बंधन नाही.

पुढे रिसानीजवळ सिजिल्मासा या नगराचे अवशेष आहेत. आठव्या शतकात वसलेल्या या पेठेतून सहारापारच्या सोन्याचा व्यापार चाले. १३५२ साली इथूनच उंटांच्या तांड्याबरोबर माली देशी निघाला इब्न बतूता. तांजिएरचा हा प्रवासी मूळ बर्बर कुळातला. त्याआधी काही वर्षे तो आपल्या देवगिरीला येऊन गेला होता आणि तिथल्या मराठ्यांविषयी त्याने लिहूनही ठेवले. ज्याला ‘बर्बर’ म्हणावे त्याने आपल्याविषयी लिहावे आणि आपण ते इतिहास म्हणून वाचावे! आज सिजिल्मासात मातीच्या काही भिंती उभ्या आहेत.

शेवटची रात्र मर्झूगाला, वाळूच्या दीडशे मीटर उंच टेकड्यांच्या पायथ्याशी काढली. सारथी आमच्याजवळ येऊन बसला. त्याचा भाऊ कासाब्लांकात नोकरीला, तो स्वतः पाहुण्यांच्या मोटारीवर. मी विचारले, “वडिलांच्या मागे पाण्याची पाळी कोण घेणार?” तो बराच वेळ वाळूत बोटाने रेघा ओढीत राहिला. मग म्हणाला, “पाळी घ्यायला मी येईन. पण बांध फोडताना शेजारी कुणी उभा असेल का?”

बँकवाल्यांनी चकल्यांचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला. दुसऱ्या कुणालाच काही सुचले नव्हते.