टँकरभर पाणी, एक युनिट वीज

पैठणच्या नाथवाड्यातला रांजण नाथषष्ठीच्या सुमारास गोदेच्या पाण्याने भरतात. संत एकनाथांच्या या घरी श्रीकृष्णाने श्रीखंड्या बनून कावडीने पाणी वाहिले, ही त्यामागची श्रद्धा. ऊर्जेची गोष्ट मला त्या कावडीपासूनच सांगावीशी वाटते.

समजा, कावडीत ३० लिटर पाणी आहे आणि घाट १० मीटर चढायचा आहे. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की २,९४० जूल येतात. वीजबिलातले एक युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, ३६ लाख जुलांचे. तेवढे काम व्हायला कावडीच्या सव्वाबाराशे खेपा लागतील! शिवाय हा हिशेब नुसत्या पाण्याचा. वाहणाऱ्याला स्वतःचे शरीरही वर न्यायचे असते, आणि भाकरीतल्या ऊर्जेचा मोठा भाग अंगातली उष्णता होऊन जातो. माणसाचा दिवसभराचा आहार २,००० किलोकॅलरी धरला, तर तो जेमतेम सव्वादोन युनिट भरतो.

आता पैठणच्याच जायकवाडी धरणाकडे वळू. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, २७ दरवाजे. पाणी ३० मीटर खाली पडते असे धरले, तर एका युनिटला सुमारे १२ हजार लिटर लागतात. उन्हाळ्यात आपल्या गावात येतो तो एक मोठा टँकर! धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाची क्षमता १२ मेगावॅट. मेगावॅट ही ऊर्जा नव्हे, ऊर्जेचा वेग. बातम्यांत या दोन्हींची नेहमी गल्लत होते. हे वीजगृह पूर्ण क्षमतेने तासभर चालले तर १२ हजार युनिट, म्हणजे तासाला किमान १२ हजार टँकर पाणी.

इथला संच उलटाही फिरू शकेल असा बांधलेला आहे. पाणी उतरताना तो वीज देतो, आणि वीज दिली तर पाणी वर चढवू शकतो. शेतातली मोटर यातले दुसरे काम करते. ३० मीटर खोल विहिरीतून १२ हजार लिटर पाणी काढायला किमान एक युनिट लागते. घर्षण आणि मोटरची उष्णता धरली तर त्याहून बरेच जास्त. ऊर्जा नष्ट होत नाही हे खरे, पण उष्णता होऊन विखुरलेली ऊर्जा आपल्या हाती पुन्हा येत नाही.

धरणात पाणी चढवले कोणी? सूर्याने. एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, ती तेच पाणी ३० मीटर खाली पडून मिळणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे आठ हजार पट असते. जायकवाडीचा जलाशय, नाथसागर, उथळ आणि पसरट, त्यामुळे तोच सूर्य इथले पाणी परतही नेतो. म्हणूनच तरंगत्या सौर पॅनेलची कल्पना मला मोलाची वाटते: वीजही मिळेल आणि सावलीखालचे बाष्पीभवनही घटेल. नाथसागरावरच्या अशा प्रकल्पाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फेटाळले. पण नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि मासेमारांचे पोटही याच पाण्यावर चालते. त्यांचे नुकसान जुलांत मोजता येत नाही. ते वेगळेच मोजले पाहिजे.

शिक्षकांना एक विनंती. सहल पैठणला आली की मुलांना संत ज्ञानेश्वर उद्यान जरूर दाखवा. पण धरणाकडे बोट दाखवून टँकरचा हा हिशेब तिथेच, वहीत, मुलांकडून करून घ्या.